देफेन्सा रस्त्याची दोन टोकं

ब्वेनोस आइरेसच्या कॅथेड्रलमध्ये निळ्या गणवेशातले सैनिक पापणी न लववता उभे होते. मागे होसे दे सान मार्तीन यांची समाधी. तिच्याभोवती तीन स्त्रियांचे पुतळे : अर्जेंटिना, चिली, पेरू. तिन्ही देशांच्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस लढला. पहाऱ्यावरची पलटणही त्यांनीच १८१२ मध्ये उभारलेली.

मला मात्र ओढ होती ती लढाया संपल्यानंतरच्या सान मार्तीन यांची. १८२२ मध्ये आजच्या इक्वादोरमधल्या ग्वायाकिलला ते उत्तरेकडून लढत आलेल्या मुक्तिनेत्या बोलिव्हारना भेटले आणि दोन महिन्यांत पेरूची सत्ता आपणहून सोडून निघाले. पुढच्या वर्षी पत्नी रेमेदियोस गेली. १८२४ मध्ये सात वर्षांच्या लेकीचा, मेर्सेदेसचा हात धरून त्यांनी युरोप गाठला.

१८२९ मध्ये एकदाच ते परत आले होते. जहाज शहरासमोर नदीत उभं, आणि शहरात यादवी पेटलेली. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली लढलेल्या लावायेने गव्हर्नर दोरेगोंना गोळ्या घातल्या होत्या. सान मार्तीन उतरलेच नाहीत. नदीपलीकडच्या मोंतेविदेओला दोन-एक महिने काढले. लावायेने देऊ केलेली सत्ताही नाकारली. आपल्याच माणसांवर तलवार उपसायची नव्हती त्यांना. घर समोर दिसत असताना मागे फिरायला केवढं बळ लागलं असेल! माझ्या लेखी हा त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम.

कॅथेड्रलजवळून देफेन्सा रस्ता धरला. दगडी फरशीचा, जुन्या घरांमधून सरळ दक्षिणेला जाणारा. दीड-एक किलोमीटरवर लेसामा बाग, आणि तिथेच राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. आत त्यांची झोपायची खोली मांडलेली आहे. फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेरची, शेवटची. नात होसेफाने १८९९ मध्ये सामान पाठवलं, आणि सोबत कुठली वस्तू कुठे होती याचा हाताने काढलेला नकाशाही. तो साधा लोखंडी पलंग बघून माझ्या घशात आवंढा आला. तीन देशांच्या मुक्तिदात्याचा पलंग हा एवढाच!

आपलं हृदय ब्वेनोस आइरेसला ठेवावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. सबंध देह आला तो १८८० मध्ये, मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

१७ ऑगस्ट १८५० ला दुपारी ते लेकीच्या खोलीत होते. डोळे मोतीबिंदूने जवळजवळ गेलेले. अचानक कळ आली, तेव्हा जावयाला म्हणाले, मला माझ्या खोलीत ने. तेवढा वेळ मिळाला नाही.

काचेपाशी मी बराच वेळ उभी होते.