राजदूत ३५०: क्रँक बसला, चेंबर बंद झाले

मंडळी, माझ्या जुन्या राजदूत ३५० मोटरसायकलचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) जागेवर बसला, दोन्ही चेंबर (त्याच्याभोवतीच्या कवचाचे वरचा आणि खालचा अर्धा भाग) बंद झाले आणि प्रेशर टेस्टही नीट निघाली. टाकी, मडगार्ड, सीट, रंग यांना अजून हात लावलेला नाही, आणि ते ठरवूनच. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी रंगाचं विचारतो. पण या गाडीत रेसचं जे काही उतरलंय ते टाकीवर नाही, इंजिनाच्या तळाशी आहे. म्हणून वेळ आणि पैसा आधी तिथे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: गाडी सांगलीच्या गावभागातली, सुरुवातीच्या काळातली एचटी (हाय टॉर्क, जास्त ताकदीची; कमी ताकदीची ती एलटी, लो टॉर्क). २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती पडवीत उभी होती. पाणी ओसरल्यावर वरून धुतली गेली, इंजिन मात्र कुणी उघडलं नाही. माझ्याकडे आली तेव्हा किक जागची हलत नव्हती. चेंबर फोडले तर आत नदीचा गाळ, मैद्यासारखा बारीक, बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये आणि मधल्या लॅबिरिंथ सीलच्या (दोन सिलिंडरच्या खालच्या जागा वेगळ्या ठेवणारं, खोबणी असलेलं कडं) खोबणीत ठासून बसलेला.

हे मधलं सील नीट समजून घेण्यासारखं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची जागा म्हणजे पंप. पिस्टन वर जाताना ती जागा कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल ओढते, खाली येताना तेच दाबून ट्रान्स्फर पोर्टमधून वर ढकलते. राजदूतचं मूळ असलेल्या यामाहा आरडी ३५०चा क्रँक १८० अंशांचा, म्हणजे एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. एक बाजू दाबत असताना दुसरी ओढत असते, आणि दोघींच्या मध्ये एवढंच एक सील. ते खराब झालं की एका सिलिंडरचा माल दुसऱ्याकडे पळतो. मग कार्बोरेटरचे कितीही जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) बदला, कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, गाडी सरळ चालणार नाही. बाहेरच्या दोन सीलची कथा वेगळी. उजवं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे धुराचा लोट. डावं, मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि एखाद्या दिवशी भर वेगात पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. धूर दिसतो म्हणून लोक उजव्याला घाबरतात. भीती डाव्याची बाळगावी.

आता रेसचं नातं. यामाहाची आर-५ ही १९७०ची रस्त्यावरची ३५०. तिच्याच पायावर टीआर-३ ही एअर-कूल्ड रेसर उभी राहिली आणि १९७२ साली डॉन एम्डीने तिच्यावर डेटोना २०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली, समोर ७५० सीसीच्या गाड्या असताना. पुढच्या वर्षी यार्नो सारिनेनने तीच शर्यत पुन्हा ३५०च्या यामाहावरच मारली. त्याच १९७३ साली आर-५ची जागा आरडी ३५०ने घेतली. ३४७ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५४ मि.मी. वॉटर-कूल्ड टीझेड ३५० रेसरचा बोअर-स्ट्रोकही अगदी हाच. एस्कॉर्ट्सने तीच आरडी १९८३ पासून आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून विकली.

रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणाऱ्या, पण मागे न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या) रेसमधून आले, असं गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. ते तसं नाही. टीआर-३ आणि टीझेड ३५० दोन्ही पिस्टन-पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट पिस्टनच उघडतो-बंद करतो. आरडीला रीड दिले ते कमी आरपीएमला रस्त्यावर नीट ओढ मिळावी म्हणून. रेसचा वारसा आहे तो आडव्या उघडणाऱ्या चेंबरमध्ये आणि त्यात झोपलेल्या दाबून जोडलेल्या क्रँकमध्ये. आपल्याकडे येताना जपानी गाडीचे ३९ बीएचपी एचटीमध्ये ३०.५ आणि एलटीमध्ये २७ झाले, पुढच्या डिस्कचा ड्रम झाला. खालचा सांगाडा मात्र तोच राहिला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

क्रँकचं काम कुपवाड एमआयडीसीत एका अण्णांकडे झालं. आयुष्यभर टू-स्ट्रोकचेच क्रँक केलेला माणूस. नवीन रॉड किट, चारही बेअरिंग, तिन्ही सील. प्रेसवर दाबून झाल्यावर क्रँक सेंटरला धरला आणि दोन टोकांना दोन डायल (फिरताना किती डगमगतो ते काट्याने दाखवणारी मापकं) लावले. ०.०३ मि.मी.च्या आत पाहिजे, हा माझा हट्ट. काटा सुरुवातीला बराच हलत होता. अण्णा क्रँक हाताने सावकाश फिरवत, काटा जिथे सगळ्यात वर जाई तिथे खडूने खूण करत, आणि तांब्याच्या हातोड्याने वेबवर (क्रँकच्या जाड चकतीवर) एकच ठोका देत. परत फिरवायचं, परत बघायचं. एका बाजूचा काटा शांत झाला की दुसरीकडचा बिघडायचा. शेवटी दोन्ही मापात आले तेव्हा मी लगेच न्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, ‘‘गडबड करू नका. रातभर बसू द्या त्याला. उद्या परत डायल लावू, मग न्या.’’ दुसऱ्या दिवशी काटा तिथेच होता.

बसवताना एक काळजी घ्या. प्रत्येक बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याची लोकेटिंग पिन चेंबरमधल्या आपल्या जागेत उतरली पाहिजे. क्रँक वरच्या चेंबरमध्ये ठेवून एकेक कडं बोटाने फिरवत राहायचं, पिन सापडली की ते किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं. चारही बसल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही, नाहीतर कडं दाबलं जाऊन नवीन बेअरिंग तिथेच गेलं. वरचा-खालचा चेंबर कारखान्यात जोडीनेच बोअर केलेला असतो, तेव्हा भंगारातून एकच अर्धा आणून जुळवायच्या फंदात पडू नका. मध्ये गॅस्केट नाही, लिक्विड सीलंटच. पातळ थर पुरतो.

प्रेशर टेस्टसाठी शंभर फुटी रोडवरच्या एका वेल्डरकडून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घेतल्या, खाली रबर घालून चेंबरची सिलिंडर बसतात ती दोन्ही तोंडं बंद केली आणि ६ पीएसआय हवा भरली. ६ मिनिटं टिकली पाहिजे, ती टिकली. सीलभोवती साबणाच्या पाण्याला एक बुडबुडा नाही. दोन्ही बाजू एकदम भरा. लॅबिरिंथ सील कशालाच टेकत नाही, त्यामुळे थांबलेल्या इंजिनात ते हवा पूर्ण अडवत नाही. एकच बाजू भरली तर चांगलं सीलही खराब वाटेल.

हे सगळं करताना मनात सारखी होंडाची आरसी-३० येत होती, म्हणजे व्हीएफआर ७५० आर. १९८८ला वर्ल्ड सुपरबाइक सुरू झाली, नियमाप्रमाणे रेसची गाडी आधी लोकांना विकायला हवी होती, आणि होंडाने ती खरोखर रेसची म्हणूनच बनवली. टायटॅनियमचे रॉड, गिअरने फिरणारे कॅम, आणि पहिला गिअर इतका लांब की गावातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापावा. फ्रेड मर्केलने पहिली दोन्ही विजेतेपदं तिच्यावर मिळवली. पुढे १९९९ची यामाहा आर-७ फक्त ५०० बनवल्या, डुकाटीच्या डेस्मोसेदिची आरआर १५००. अशा गाड्यांचा खर्च गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी गेलेला असतो, म्हणून त्यांना मान. नुसते रेसचे रंग आणि स्टिकर लावून निघणाऱ्या एडिशनला तो मान द्यायला मी तयार नाही. राजदूत ३५० काही मर्यादित आवृत्ती नव्हती, ती कुणीही शोरूममधून घ्यावी अशी होती. पण न दिसणाऱ्या जागी ती अस्सल आहे, आणि माझ्या हिशेबात ती याच घराण्यात बसते.

पुढचं काम सिलिंडरचं. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करणार नाही, आधी पिस्टन मोजायचा आणि मग त्याच्या मापाने बोअर. इग्निशन (प्लगची ठिणगी) जुन्या पद्धतीच्या पॉइंटवरच, म्हणजे उघडझाप करणाऱ्या स्विचवरच ठेवतोय. प्लगच्या जागी डायल लावून ठिणगी टीडीसीच्या (पिस्टनची सर्वात वरची जागा) २.० मि.मी. आधी पडेल असे, दोन्ही सिलिंडर वेगवेगळे जुळवायचे. ऑटोल्यूबचा (इंजिनाला आपोआप ऑइल देणारा) पंपही राहणार. तो काढून टाकीत ऑइल मिसळायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, पण ॲक्सिलरेटरप्रमाणे ऑइल कमी-जास्त करणारा पंप चांगल्या स्थितीत असताना तो का काढायचा हे मला पटत नाही.

अडलंय ते सायलेन्सरवर. मूळ एचटीची, आतून न कापलेली जोडी सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणाकडे असेल तर विकत नको, फक्त मापं घेऊ द्या. कोनाची लांबी, सर्वात जाड जागेचा व्यास आणि मागच्या नळीचा आतला व्यास, एवढीच तीन हवीत. मापपट्टी आणि कॅलिपर घेऊन मीच येईन.