सकाळची गोळी सुटता सुटेना

पित्ताची गोळी सुरू व्हायला दोन मिनिटं लागली आणि सोडायला तीन महिने. दोन मिनिटं अक्षरशः. ओपीडीत पावणेतीन तास ताटकळून आत गेले, "जळजळतं का?" "हो." झालं, चिठ्ठी हातात. आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि मळमळीवरचं डोमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल, १-०-०, पंधरा दिवस. बरं वाटलं म्हणून पुढे मीच चालू ठेवली. मेडिकलवाला काही विचारत नाही. बघता बघता चौदा महिने झाले.

त्याआधी रॅनिटिडीन घ्यायचे. लवकर आराम पडायचा, पण रोज घेतली की काही दिवसांत तिचा जोर ओसरायचा. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए, म्हणजे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन, सापडल्याच्या बातम्या आल्या आणि सासूबाईंनी औषधांचा डबाच उपडा केला. पित्तावरच्या गुलाबी पातळ औषधाने (अँटासिड) पाच मिनिटांत थंड वाटतं, पण ते तासाभराचं पाहुणं. त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सुटतं, अ‍ॅल्युमिनियमने धरतं, माझं धरायचं. त्या मानाने कॅप्सूल म्हणजे जादूच वाटली. तोंड कोरडं पडायचं, एवढंच.

मग बी-१२ कमी निघालं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे सगळा दोष गोळीवर ढकलणार नाही, पण वर्षानुवर्षं घेतली तर त्यानेही कमी होतं. ठरवलं, सोमवारपासून बंद.

बुधवारी संध्याकाळी लोकलमध्ये, दिवा स्टेशनच्या आसपास, घशाशी असं आंबट पाणी आलं की शेजारच्या बाईने न मागता पाण्याची बाटली पुढे केली. रात्री बसून झोपले. गुरुवारी गोळी परत सुरू. महिन्याने पुन्हा तोच प्रयोग, पुन्हा तेच. मला वाटलं, आजार बळावला. आता जन्मभर हीच गोळी. तिसऱ्यांदा जरा हुशारी केली: पँटोप्राझोलची साधी गोळी आणली आणि सुरीने अर्धी केली. पिवळं आवरण फुटून ओट्यावर भुगा झाला. ते आवरण गोळी जठरातल्या आम्लात नासू नये म्हणूनच असतं, हे मला कोण सांगणार?

सांगितलं दुसऱ्या डॉक्टरांनी, वीस मिनिटं बसवून. आम्ल बरेच दिवस दाबून ठेवलं की शरीर ते बनवायची तयारी वाढवून ठेवतं; गोळी एकदम थांबवली की ते उसळून येतं. आजार वाढलेला नसतोच. डेन्मार्कमध्ये २००९ साली पित्ताचा त्रासच नसलेल्या लोकांना याच जातीची गोळी आठ आठवडे देऊन बंद केली, तर ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा तसलाच त्रास सुरू झाला. औषधच नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत १५ टक्के. हे वाचून मला आधी हायसं वाटलं, मग राग आला. पहिल्या चिठ्ठीवर एक ओळ लिहायला काय हरकत होती?

मग ४० वरून २०, दोन आठवडे. नंतर एक दिवसाआड. मधल्या रात्री रॅनिटिडीनच्याच जातीतली फॅमोटिडीन २०, आणि फारच झालं तर ते गुलाबी औषध. पहिले दहा दिवस वाईट गेले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. दोन उशांनी नुसती मान दुखते.

अरे हो, गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. मी कित्येक महिने गाडी पकडून, डब्यातले पोहे खाऊन मग घेत होते.

गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल तर असले प्रयोग करत बसू नका, एंडोस्कोपीचं विचारा. आणि माझं बघून कोणाची गोळी बंद करू नका. बाबांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर ही दिलेली आहे, त्यांना ती लागतेच. त्यातलं क्लोपिडोग्रेल चालू आहे आणि याच जातीच्या ओमेप्राझोलने त्याचा असर कमी होतो, म्हणून ओमेप्राझोल नाही, पँटोप्राझोल. मेडिकलवाल्याने परवा "सेमच आहे" म्हणून दुसरीच पुढे केली होती. मी तिथेच परत केली.