वॉशिंग्टनच्या भिंतीवर गोधडी

सध्या सुट्टीवर दाभोळला आलेय आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं इथे लिहूनच टाकावी. मध्यंतरी वॉशिंग्टनला फिरायला गेलो होतो, पाऊस लागला म्हणून नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये शिरलो (तिकीट नाही, कुणीही जा), आणि पेंटिंग्ज बघत बघत एका दालनात आले तर समोर भिंतीवर चक्क गोधडी!

विटकी निळी, करडी, मातकट. पँटचे पाय उलगडून जोडलेले, आणि जिथे खिसा किंवा ठिगळ होतं तिथला रंग अजून गडद राहिलेला. शेजारी पाटी: मिझुरी पेटवे, १९४२. नवरा वारला तेव्हा त्याचे शेतात घालायचे कपडे घेऊन तिने ही शिवली, त्याची आठवण म्हणून पांघरायला. मी तिथून हललेच नाही.

तिचं गाव अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं जीझ बेंड, नदीच्या वळणात अडकलेलं. गावकरी म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, आणि पेटवे हे आडनावसुद्धा मळ्याच्या मालकाचं. १९६० च्या दशकात तिथले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे कॅमडेनला जायला लागले तर ते रोखायला १९६२ मध्ये फेरीबोटच बंद केली, ती परत सुरू झाली २००६ ला! आपली खाडीपलीकडच्या धोपाव्याची फेरीबोट बंद पडली की गुहागरला जायला चिपळूणवरून केवढा वळसा पडतो ते आपल्याला सांगायला नको, तिथे हे चाळीसेक वर्षं. अशात १९६६ ला बायकांनी मिळून फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकायला लागल्या.

आजीला फोटो दाखवला तर तिने मोबाईल हातात घेऊन पहिलं काय पाहिलं, तर धावदोरा. "टाके लांब लांब घातलेत गो. थंडी तोंडावर आली असणार बाईच्या."

मला सारखी ती पाटीच आठवते. कुणी शिवली, कधी, कुणाच्या कपड्यांची, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे फडताळात इतक्या गोधड्या पडल्यात, एकीवर तरी नाव आहे का? म्हणून काल आजीला घेऊन बसले, एकेक तुकडा दाखवायचा आणि ती सांगेल ते वहीत उतरवायचं: हे पणजीचं लुगडं, हा आत्याच्या परकराचा काठ, हा आजोबांचा सदरा. अर्धीच झाली, मग तिला झोप आली. उद्या धोपाव्याला मावशीकडे चाललेय, तिच्याकडच्या जास्त जुन्या आहेत.