आई, हात बाहेर काढ

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास हायवेवर मला पोलिसांनी थांबवलं. आरशात लाल-निळे दिवे दिसले तेव्हा आधी वाटलं दुसऱ्या कुणासाठी असतील, मी लेन बदलली तर तेही मागोमाग आले, मग कळलं की आपल्यासाठीच आहेत. इंडिकेटर देऊन गाडी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर घेतली, इंजिन बंद केलं, आतला दिवा लावला, काचा खाली केल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. अमेरिकेत इतकी वर्षं राहून हे अंगवळणी पडलंय. पण मागच्या सीटवर आई होती, तीन आठवड्यांपूर्वीच भारतातून आलेली, आणि ती म्हणाली, "अगं अशी बसून काय राहिलीस, उतर ना खाली, ते साहेब स्वतः चालत येतायत."

तिच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. आपल्याकडे गाडीतून उतरायचं, कागद हातात घ्यायचे आणि दोन शब्द नीट बोलायचे, याला रीत म्हणतात. इथे अंधारात गाडीचं दार उघडून कुणी आपल्याकडे चालत यायला लागलं की पोलिसाच्या पोटात गोळा येतो.

ऑफिसर उजव्या बाजूने आला, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूने. टॉर्चचा उजेड आधी माझ्या हातांवर पडला, चेहऱ्यावर नंतर. आणि त्याच वेळी आईने मांडीवरची पर्स उघडून आत हात घातला, पासपोर्ट काढायला. त्याचा हात कमरेकडे गेला. पिस्तूल बाहेर काढलं नाही, फक्त हात तिथे गेला, पण तो जाताना मी बघितला आणि माझ्या छातीत काय झालं ते मी सांगू शकत नाही. "मॅम, त्यांचे हात मला दिसू देत," असं तो म्हणाला आणि मी मराठीत ओरडले, "आई, हात बाहेर काढ, पर्स सोड!" आईने दोन्ही हात वर केले, एका हातात तो निळा पासपोर्ट.

आणि मग त्या माणसाने जे केलं त्यासाठी मी ही पोस्ट लिहितेय. तो एक पाऊल मागे सरकला, दोन दारांच्या मधल्या खांबाच्या आडोशाला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, काही गंभीर नाहीये, तुमचा डावा ब्रेक लाइट गेलाय म्हणून थांबवलं. बास. चार मिनिटांत वॉर्निंग देऊन गेलाही. आई मात्र घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतेय, झोप येत नाही तेव्हा तर जास्तच. आणि पहिली गोष्ट मान्य करते, पोलिसांची भीती खोटी नाहीये. जॉर्जियात १२ जानेवारी १९९८ ला काइल डिंकहेलर नावाच्या २२ वर्षांच्या डेप्युटीने, म्हणजे शेरीफच्या खात्यातल्या पोलिसाने, स्पीडिंगसाठी एक पिकअप थांबवला. ड्रायव्हर उतरून शिवीगाळ करायला लागला, डेप्युटी परत परत ओरडून मागे हो म्हणत राहिला, आणि तो माणूस ट्रकमधून रायफल घेऊन आला. डिंकहेलर तिथेच मारला गेला, आणि त्याच्या गाडीतल्या कॅमेऱ्याने ते सगळं रेकॉर्ड केलं. तो व्हिडिओ वर्षानुवर्षं पोलीस अकॅडमींमध्ये दाखवला गेलाय. विशीतल्या पोरांना पहिल्याच काही आठवड्यांत तो दाखवायचा आणि सांगायचं, हा कचरला म्हणून मेला. असं बघितलेला मुलगा रात्री एकटा माझ्या काचेशी येतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालू असेल याचा विचार मी पूर्वी कधी केलाच नव्हता.

शिवाय ड्रायव्हर सोडा, बाजूने ताशी सत्तर मैलांच्या स्पीडने जाणाऱ्या गाड्याही पोलिसांचा जीव घेतात. म्हणून तर तो पॅसेंजरच्या बाजूने आला. दिवे लावून थांबलेल्या गाडीपासून एक लेन लांब सरका किंवा वेग कमी करा, हा मूव्ह ओव्हरचा कायदा आता पन्नासही राज्यांत आहे, सगळ्यात शेवटी हवाईने २०१२ मध्ये केला. तरी लोक सरकत नाहीत, प्लीज सरका.

पण भीती किती आणि धोका किती यात फार मोठं अंतर आहे. जॉर्डन ब्लेअर वुड्स या कायद्याच्या प्राध्यापकाने फ्लोरिडातल्या दोनशेहून जास्त पोलीस खात्यांचा दहा वर्षांचा डेटा तपासला, ते काम २०१९ मध्ये छापून आलं. रूटीन ट्रॅफिक स्टॉपमध्ये, म्हणजे नेहमीच्या कारणासाठी गाडी थांबवली जाते तेव्हा, पोलीस मारला जाण्याचं प्रमाण निघालं ६५ लाख स्टॉप्समागे एक, आणि पोलिसावर कुठल्याही प्रकारचा हल्ला होण्याचं, मग त्यात इजा होवो न होवो, ६,९५९ स्टॉप्समागे एक. देशभरात रोज पन्नास हजारांवर गाड्या थांबवल्या जातात असा स्टॅनफर्डच्या लोकांचा हिशोब आहे. म्हणजे अकॅडमीत जो एक व्हिडिओ बघितला तो लाखातला एक सुद्धा नाही, आणि हात मात्र प्रत्येक गाडीपाशी कमरेकडे जातो.

आणि त्याचा शेवट कधीकधी काय होतो तेही बघितलंय आपण सगळ्यांनी. ६ जुलै २०१६, मिनेसोटामधलं फाल्कन हाइट्स, फिलँडो कॅस्टिल. कृष्णवर्णीय, शाळेच्या किचनमध्ये सुपरवायझर होता, त्याआधी चाळीसहून जास्त वेळा त्याला असंच थांबवलेलं, म्हणजे कसं वागायचं हे त्याला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत होतं. ब्रेक लाइटच्या कारणावरून थांबवलं. त्याने स्वतःहून, सर म्हणून, सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे (परवाना होता त्याचा), आणि काही सेकंदांत ऑफिसरने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची गर्लफ्रेंड आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने ऑफिसरला निर्दोष सोडलं. ब्रेक लाइट! माझाही ब्रेक लाइटच होता, फक्त मी कृष्णवर्णीय नाहीये आणि माझ्यासमोरचा ऑफिसर एक पाऊल मागे गेला.

बळाचा वापर योग्य होता की नाही हे इथली कोर्टं १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालावरून ठरवतात. त्या प्रसंगात त्या जागी उभ्या असलेल्या समंजस ऑफिसरला काय वाटलं असतं, ते बघायचं, मागाहूनच्या शहाणपणाने तोलायचं नाही. ही केससुद्धा गाडी थांबवण्यातूनच आली हे मला माहीत नव्हतं. ग्रॅहमला डायबेटिस, साखर उतरायला लागली म्हणून मित्राच्या गाडीतून संत्र्याचा ज्यूस आणायला गेला, दुकानात रांग बघून घाईघाईत बाहेर आला, पोलिसाला ती घाई संशयास्पद वाटली आणि त्याने त्यांची गाडी थांबवली. त्या झटापटीत त्याचा पाय मोडला. आजारी माणूस होता तो, बाकी काही नाही.

गोळी झाडल्यावर सगळा वाद शेवटच्या दोन सेकंदांवर होतो. हात कुठे होता, गाडी हलली का, तो काय म्हणाला. मला वाटतं खरी गोष्ट त्या दोन सेकंदांच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत घडून गेलेली असते, कोण किती जवळ उभं राहिलं, पहिलं वाक्य काय बोललं, दोन हुकूम एकमेकांच्या विरुद्ध दिले का, लायसन्स काढ पण हलू नको असं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बार्न्स विरुद्ध फेलिक्स मध्ये एकमताने हेच म्हटलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. ह्यूस्टनजवळ टोलच्या थकबाकीवरून थांबवलेली भाड्याची गाडी, ती पुढे सरकायला लागली तसा ऑफिसर उडी मारून दारापाशी चढला आणि दोन गोळ्या झाडल्या, ड्रायव्हर मेला. खालची कोर्टं म्हणाली आम्ही फक्त तो चढल्यानंतरचे दोन सेकंद बघणार. सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही, आधीपासूनचं सगळं बघा. ऑफिसरने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर ते त्याच्या विरुद्ध धरायचं का, या प्रश्नाला मात्र त्यांनी हात घातला नाही, आणि तोच तर मूळ प्रश्न आहे असं माझं ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून एक साधा नियम केलाय, बाकी काही विचारायच्या आधी पोलिसाने थांबवण्याचं कारण सांगायचं. छोटी गोष्ट वाटेल, पण "तुम्हाला का थांबवलं माहितीये का?" हे वाक्य ऐकून माणूस आतल्या आत किती हादरतो हे ज्याला थांबवलंय त्यालाच विचारा. ब्रेक लाइट हा शब्द कानावर पडल्यावर माझे खांदे खाली आले ते मला जाणवलं. मागे सरकायला आणि कारण सांगायला त्या मुलाला पाच सेकंद लागले असतील, आणि त्यात त्याचाही धोका कमी झाला, आमचाही.

ज्यांचे आईवडील, सासूसासरे इथे यायचेत त्यांच्यासाठी. एअरपोर्टवरून निघायच्या आधीच सांगून ठेवा, थांबवलं तर उतरायचं नाही, पर्समध्ये खिशात हात घालायचा नाही, हात समोरच्या सीटच्या पाठीवर ठेवायचे. कागद काढायचे असतील तर आधी तोंडाने सांगायचं, ग्लव्ह बॉक्समध्ये (समोरच्या खणात) आहेत, उघडू का, आणि हो म्हणाल्यावर हळू उघडायचं. उतरा म्हणाले तर उतरायचं, ड्रायव्हरला उतरवायचा अधिकार सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच दिलाय आणि बाकीच्यांना उतरवायचा १९९७ मध्ये, तिथे रस्त्यावर वाद घालू नका, चुकीचं वाटलं तर नंतर तक्रार करा.

काल दुसऱ्याच कुणाची गाडी थांबवलेली दिसली, आम्ही लेन बदलून पुढे गेलो. मी आरशात बघितलं तर आईचे दोन्ही हात माझ्या सीटच्या पाठीवर होते.