शिवणीवाचून विणलेले आर्गाइल मोजे

ग्लासगोतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी ठरवले की नाशिकला वडिलांसाठी आर्गाइल, म्हणजे रंगीत शंकरपाळ्यांच्या नक्षीचे, मोजे विणायचे, आणि तेही मागे शिवण न घालता. आर्गाइल हा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचा भाग असून तिथल्या कॅम्पबेल घराण्याच्या टार्टनशी (ठरावीक रंगांच्या चौकड्यांच्या कापडाशी) या नक्षीचे नाते सांगितले जाते. पूर्वी हायलंडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, चौकड्यांचे कापड तिरपे धरून मोजे बेतत, त्यामुळे पायावर चौकोनांच्या शंकरपाळ्या दिसत.

विणकामात ही नक्षी सहसा दोन सुयांवर सपाट विणून मग मागे शिवतात, आणि त्याला सबळ कारण आहे. प्रत्येक शंकरपाळीचा दोरा स्वतंत्र रिळावर असतो. गोल विणताना तो दोरा शंकरपाळीच्या डाव्या कडेला जाऊन थांबतो, आणि पुढच्या फेरीत नेमका उजव्या कडेला हवा असतो.

यावर उपाय असा की फेरी संपताच काम उलटवायचे, सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, उलट टाक्यांनी परत यायचे आणि शेवटचा टाका त्या वेढ्यासह एकत्र विणायचा. मग पुन्हा उलटवून, नवा वेढा घेऊन, सुलट विणत जायचे आणि शेवटी तसेच करायचे. म्हणजे काम सपाटच चालते, फक्त प्रत्येक ओळीला नळी मिटत जाते. हे हाताला कळेपर्यंत वाचून काहीच उपयोग झाला नाही.

मी 2.25 मिलिमीटरच्या सर्क्युलर सुईवर (लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर) 64 टाके घेतले. चार शंकरपाळ्या, त्यांच्यामधली पार्श्वभूमी आणि नळी मिटते त्या जोडापाशी दुभागलेला तिचा एक भाग धरून एकाच वेळी नऊ रिळे लोंबकळत होती. पहिल्या संध्याकाळी मी वेढा शेवटच्या टाक्यात न घेता नवा टाका म्हणून विणत राहिले, आणि सात ओळींनंतर मोजले तर टाके 71 झाले होते. सगळ्या ओळी उसवल्या. दुसऱ्या वेळी रंग बदलताना दोरे आतल्या बाजूने एकमेकांत अडकवायचे राहिले, त्यामुळे शंकरपाळीच्या कडेला बारीक भोके पडली. जुना दोरा डावीकडे सारून नवा त्याच्या खालून उचलायचा, हे मी तेव्हापासून प्रत्येक टाक्याला स्वतःशी पुटपुटत विणले.

टाच आणि पंजा एकरंगी असल्याने पटकन उरकले. शंकरपाळ्यांवरून जाणाऱ्या तिरप्या रेघा मात्र मी विणल्या नाहीत, तर नंतर दाभणसुईने टाक्यावर टाका घालून काढल्या, कारण त्यांच्यासाठी आणखी रिळे लोंबकळत ठेवणे मला अनावश्यक वाटते. कोमट पाण्यात भिजवून मोजा सपाट वाळवला तेव्हा ओढलेले टाके सरळ बसले.

आईला कोणतेही विणकाम उलटे करून पाहायची सवय आहे. तिने मोजा आतून बाहेर काढला, बोट वरून खाली फिरवले आणि शिवण कुठे आहे असे विचारले; मला तो जोड तिच्या बोटाखाली धरून दाखवावा लागला.