बाराच्या आत बातल

हिमाचलातल्या मनालीहून स्पितीतल्या काझाला जायचं अंतर साधारण २०० किलोमीटर. पुण्या-मुंबईकडचा माणूस नकाशा बघतो, सहा तास धरतो आणि नाश्ता करून निघू म्हणतो. या रस्त्याला किलोमीटरचा हिशेब लागू पडत नाही. इथे घड्याळ बघायचं ते एकाच गोष्टीसाठी, दुपारी बाराच्या आत वाटेतलं बातल गाठलं की नाही. गाठलं तर दिवस दमवतो, पण सुखाने पार पडतो. नाही गाठलं तर पुढचं सगळं रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांच्या हाती.

शेअर टॅक्सीवाल्याने आम्हाला पहाटे पाचची वेळ दिली होती. दोन सीटा रिकाम्या होत्या म्हणून गाडी सुटली पावणेआठला. मला राग आला तो उशिराचा नाही. रोज हा रस्ता करणाऱ्याला सकाळच्या तीन तासांची किंमत पक्की ठाऊक असते, आणि तरी दोन भाड्यांसाठी आठ माणसांना दुपारच्या पाण्यात नेलं, याचा आला.

नाल्यांचं पाणी वरच्या हिमनद्यांचं आणि बर्फाचं. रात्री वर सगळं गोठतं, त्यामुळे पहाटे पाणी सर्वांत कमी. ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतो आणि ते पाणी उतरून रस्त्यावर यायला काही तास जातात. म्हणून दुपार ते संध्याकाळ पाणी सर्वांत जास्त. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता गुडघ्याला लागतो. आणि आभाळ निरभ्र, ऊन कडक, म्हणजे दिवस चांगला, असं समजू नये. जितकं ऊन, तितकं पाणी.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. ९.०२ किलोमीटर. रोहतांगचा घाट वाचला, तासन्‌तास अडकणं संपलं, हे खरंच मोठं काम आहे. पण त्यामुळे अवघड भाग मागे पडला असं वाटतं, ते चूक. बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे कोकसर, पुढे ग्राम्फू, आणि खरा रस्ता तिथून सुरू. ग्राम्फू ते बातल जेमतेम ५० किलोमीटर आहे आणि त्याला चार ते पाच तास लागतात. चंद्रा नदीच्या कडेने गोट्यांवरून गाडी चालते. काही वर्षं रुंदीकरण सुरू आहे, त्यामुळे अधूनमधून बरा तुकडा लागतो आणि अधूनमधून जेसीबीसाठी अर्धा तास थांबावं लागतं. छत्रू हे नाव हम्पता पास केलेल्या मराठी ट्रेकर्सना ठाऊक असेल, त्यांचा ट्रेक तिथेच संपतो. छत्रूला चहा आणि पराठा खाऊन घ्यावा. पुढे बातलपर्यंत पोटभर काही मिळेल असं धरू नये.

आता नाला. छत्रूच्या पुढे, छोटा दारा या ठिकाणाकडे जाताना, सव्वाच्या सुमारास आमच्यासमोर सहा गाड्या थांबलेल्या. आमच्या ड्रायव्हरने गाडी वीस-पंचवीस पावलं अलीकडे लावली, सगळ्यांना उतरवलं, पँट वर खोचली आणि सँडल घालून तो पाण्यात शिरला. अनवाणी नाही. पाणी इतकं गार असतं की मिनिटभरात पाय बधिर होतात आणि धारदार दगड लागलेलाही कळत नाही.

तो काय बघत होता ते नीट समजून घेतलं, कारण स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला हेच यायला हवं. पाणी दुधट असतं, तळ दिसत नाही. जिथे पाणी पसरट होऊन फेसाळतं तिथे खाली दगड आहेत आणि खोली कमी. जिथे ते गुळगुळीत, काळसर, चिंचोळं वाहतं तिथे खड्डा. नाला ओलांडायचा तर प्रवाहाच्या वरच्या अंगाने. खालच्या अंगाची कड पाण्याने खरवडून गेलेली असते, तिकडे चाक गेलं की गाडी कलते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कान. पाण्याच्या आवाजाखाली गडगड ऐकू आली तर तळाचे धोंडे वाहताहेत. अशा वेळी कोणीही पुढे गेलं तरी आपण जायचं नाही, पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

गडगड नव्हती. ड्रायव्हरने उजव्या चाकाच्या वाटेतले तीन धोंडे हलवले, एका खड्ड्यात दोन मोठे दगड बसवले, पायाने दाबून बघितले. एकाला पलीकडे उभं केलं खुणा करायला. माणसं उतरवण्याचं कारण सोपं आहे, गाडी हलकी झाली की दोन बोटं वर उठते आणि तेवढ्याने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर वाचतो. मग पहिला गिअर, क्लचवरून पाय बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. मध्ये गिअर बदलायचा नाही, हाफ क्लच करायचा नाही, थांबायचं नाही. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये पाणी चढतं. एवढं करून पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा सेल मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो दुरुस्त करणारा थेट मनालीत किंवा काझात. दोरी लावून ओढून काढायचं. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलकेच चार-पाच वेळा दाबून वाळवायचे, मग वेग घ्यायचा.

आमची गाडी चाळीस सेकंदांत पलीकडे गेली. तिच्यामागे एक हॅचबॅक माणसांसकट शिरली, मध्ये रेस सोडली आणि तिथेच बसली. याच ड्रायव्हरने काही न बोलता दोरी काढली, परत पाण्यात उतरला. सकाळी मी याच्यावरच चिडले होते, पण निघायची वेळ मालकाने ठरवली होती. दोनदा गार पाण्यात उतरला तो हा माणूस, ओठ निळसर पडले होते त्याचे. त्या गाडीत बसलेल्या कुणाशी तो एक शब्द वाकडा बोलला नाही.

बातलला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ढाब्यावर राजमा-चावल, गरम आणि मनापासून वाढलेला.

बसने जाणाऱ्यांनी एक करावं. मागच्या चाकाच्या पुढची सीट घ्यावी. चाकामागे बसचा बराच भाग लोंबता असतो, तिथे प्रत्येक धक्क्याला माणूस वीतभर उडतो आणि काझाला पोचेपर्यंत कंबर राहत नाही. दुसरं बायकांसाठी. वाटेत शौचालयं जवळपास नाहीतच, म्हणून आपण पाणी पिणं टाळतो. तसं करू नका. संध्याकाळच्या डोकेदुखीत त्याचाही वाटा असतो. मोठ्या धोंड्याआड जावं लागतं, ओढणी आणि एक सोबतीण पुरते. स्वतःची गाडी असेल तर टाकी मनालीतच भरावी, या वाटेवर पुढचा पंप काझाला. कोकसरनंतर स्पितीतल्या लोसर गावापर्यंत फोनवर विसंबू नये.

बातलचा पूल ओलांडला की कुंझुमची चढण. खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आणि मनाली दोन हजारांवर, म्हणजे एका दिवसात अडीच हजार मीटर. खिंडीतल्या कुंझुम मातेच्या देवळाला गाडीनेच प्रदक्षिणा घालतात. तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये, पळू नये. अंग मोडून आलेलं असतं, उतरून लोसर दिसलं की मटारची हिरवी शेतं बघून इथेच राहू या असं फार वाटतं. पण लोसर चार हजारांवर आहे, काझा सुमारे ३,७००. पहिली झोप खाली घ्यावी. चंद्रताल तळ्याजवळ पहिल्याच रात्री तंबूत राहणं मला याचसाठी चुकीचं वाटतं, तेही चार हजारांच्या वरच. उंचीचा त्रास बहुधा पोचल्यावर काही तासांनी, रात्री सुरू होतो, आणि तंबूतून रात्री खाली न्यायचं तर हाच रस्ता. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास ती सांगून.

काझाला रात्री आठ वाजता पोचलो. थुक्पा, दोन रजया, झोप. पुढचे सहा दिवस की, किब्बर, लांग्झा, हिक्कीम या आसपासच्या गावांत फार छान गेले.

परतताना मात्र हिशेब आणखी कडक. काझाहून निघालं तर आधी लोसर, कुंझुम, बातल, आणि हे नाले त्यानंतर. आठला निघणारा माणूस बरोबर दुपारच्या पाण्यात सापडतो. आम्ही गाडी ठरवतानाच मालकाला सांगितलं, पूर्ण गाडीचं भाडं देतो, पण चारला निघायचं. अंधारात निघालो, कुंझुमवर उजाडलं, आणि साडेनऊला तोच नाला आला. पाणी घोट्याच्या खाली होतं, आणि ड्रायव्हरने बसवलेले ते दोन दगड जागेवर नव्हते.