चिऱ्यांच्या भिंतीवरून पाइप: गॅरेज वायरिंगची आखणी

मंडळी, पाऊस सरला, भिंती सुकल्या आणि गॅरेजचं काम पुन्हा हातात घेतलं. चिपळूणजवळचं आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. गॅरेज म्हणजे मागच्या अंगाची 18 बाय 12 फुटांची खोली, आतून गिलावा नाही, वर मंगलोरी कौलं. झिरी मारून पाइप पुरण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. जांभ्याला छिन्नी लावली की हवं तेवढंच निघत नाही, मुठीएवढा ढलपा येतो. शिवाय पावसाळाभर चिरा पाणी पितो. म्हणून सगळं भिंतीवरून, पीव्हीसी पाइपातून. केसिंग-पट्टीला (वायर झाकणाऱ्या चपट्या पट्टीला) सपाट भिंत लागते, इथे तिच्यामागे फटीच राहिल्या असत्या.

यंदा एक काम मुद्दाम केलं. ओल कुठवर चढते त्याच्या खुणा चारही भिंतींवर कोळशाने करत गेलो. पश्चिमेला झड थेट लागते, ती भिंत छातीपर्यंत ओली झाली. पूर्वेची जोत्यापासून दीड फुटावर थांबली. त्यामुळे बोर्ड सगळे पूर्वेला, जमिनीपासून चार फुटांवर. पश्चिमेला एकही पॉइंट नाही. माझं टेबल खिडकीपाशी पश्चिमेला होतं, तेच हलवलं.

मग चाचणीचं भोक पाडलं, आणि खरं शिकलो ते इथे. 6 एमएमचा बिट इंचभर नीट गेला, मग एकदम आत घुसला. चिऱ्यात पोकळी होती. बिटाला शेंदरी, दमट भुकटी चिकटलेली. गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) ठोकली, स्क्रू पिळला, तर गिट्टीच गरगर फिरायला लागली. आणखी तीन भोकं पाडली, त्यांतली दोन तशीच. शेवटी दोन चिऱ्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यात बिट लावला. तिथे गिट्टी अशी बसली की पक्कडीनेही निघेना.

त्यावरून सगळी आखणी बदलली. आडवा पाइप सात फुटांवरच्या एका सांध्यावरूनच न्यायचा, म्हणजे दर दोन फुटांना येणारं प्रत्येक सॅडल (पाइप भिंतीला धरणारी पकड) सिमेंटात बसेल. हा सांधा 18 फुटांत पाऊण इंच उतरतो. लेव्हल लावली तर डोळ्यांना खुपेल, पण मी भिंतीची रेघ मानली. घट्ट धरलेला पाइप मला सरळ पाइपापेक्षा मोलाचा वाटतो. डीबीसाठी (जिथून सर्किटं फुटतात त्या वितरण पेटीसाठी) सागवानी फळी, तीही चार सांध्यांत स्क्रू मारून. दोन जंक्शन बॉक्सांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त बेंड ठेवले नाहीत. पुढे वायर बदलायची वेळ आली तर ओढता आली पाहिजे.

लोडचं गणित हवेचा कॉम्प्रेसर आणि चॉप सॉ (विजेवरची करवत) यांच्याभोवतीच फिरतं. पाट्यांवर साडेदहा आणि दहा अँपिअर लिहिलंय. दोन्ही एका 16 अँपिअरच्या सर्किटवर एकत्र चालणार नाहीत. म्हणून दोघांना वेगळी सर्किटं, अडीच स्क्वेअर एमएमची वायर, सी कर्व्हचे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे स्विच; सी कर्व्हचे मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसतात). लाइट-पंख्याचं तिसरं सर्किट दीडच्या वायरचं. सॉ चालू असताना एमसीबी पडला तरी उजेड जाता कामा नये, यावर मी अडून बसलो.

घरातून येणारी मेन वायर आधी चार स्क्वेअर एमएमची धरली होती. अंतर 18 मीटर, जाऊन-येऊन 36. चारच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण 5 ओहम, म्हणजे इथे 0.18. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर 60 अँपिअर ओढले तर 11 व्होल्ट वाटेतच जातात. सहाच्या वायरीत हेच 7 वर येतं. सहाची घेतली.

डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसला की वीज तोडणारा स्विच) आहेच. ओली फरशी आणि हातात ग्राइंडर, तिथे त्याला पर्याय नाही. पण तो ओव्हरलोड ओळखत नाही, त्यासाठी एमसीबी लागतातच. आणि आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी कुठेही जुळला तर आरसीसीबी सारखा पडत राहील. म्हणून गॅरेजचा न्यूट्रल बार वेगळा ठेवतोय.

पाइप आणि बॉक्स मी बसवणार, जोडणी आणि अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमन करणार. ते काल येऊन आखणी बघून गेले. एकच बदल सुचवला: पाइप बोर्डात वरून न घेता बॉक्सच्या खाली उतरवून, वळवून खालून घ्यायचा, म्हणजे कौलातून ठिबकलेलं पाणी पाइपावरून ओघळलं तरी बॉक्सात न शिरता वळणावरूनच खाली पडेल. त्यासाठी बेंड वाढले, ते उद्या आणतो.